करुणाची जागा

“पमेऽऽ! जागा धरलीय गं! मागल्या दारानं ये, मागल्या!”

खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, समोर टाळ्या वाजल्या. पण अनुपमाच्या कानात वाजला तो हाच आवाज, कॉलेजच्या दिवसांतला. सकाळची दौंडची एस्टी यवतच्या थांब्यावर यायची तीच मुळी तुडुंब भरून. दाराशी रेटारेटी, कंडक्टरची शिट्टी, आणि त्या सगळ्या गलक्यावरून खिडकीतल्या करुणाची हाक. करुणा आधीच्या कासुर्डीला चढायची. शेजारच्या जागेवर आपला पिवळा स्कार्फ अंथरायची आणि कुणी टेकायला आलं की डोळे वटारायची, “हितं माणूस हाय.” माणूस अजून यवतच्या थांब्यावर वेणीची रिबीन बांधत उभं असायचं.

आज त्याच कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. बाहेर न जाता आपल्याच भागात नाव काढलेल्यांचा सत्कार. यवतला माती-पाणी तपासायची लॅब चालवणारी अनुपमा त्यातली एक. दुसरा पप्पू, भीमेपलीकडचा, शिरूर तालुक्यातला. त्याच्या रोपवाटिकेतली रोपं आता पार सोलापूरपर्यंत जात होती. माईक हातात आल्यावर तो कसला सोडतोय!

“आमच्या अनुपमाबाईंनी दोन तालुक्यांची माती तपासली. फकस्त आमच्या डोक्यातली तेवढी राह्यली!”

मांडव हसला. तिसऱ्या रांगेत बसलेली करुणाही हसली. हैदराबादहून ती खास आली होती. अंगावर मोरपंखी साडी, केस आखूड कापलेले. हसताना तोंडावर हात न्यायची लकब मात्र तीच.

जेवणं झाल्यावर तिनं अनुपमाचा दंड धरला. “चल, मला पुण्यालाच जायचंय, वाटेत तुला सोडते. तुझी लॅब नुसती फोटोतच बघितली आहे मी.”

ज्या दिवसाची वाट बघून बघून वाट पुसट झाली, तो दिवस असा भाड्याच्या गाडीत बसून येईल असं अनुपमाला वाटलं नव्हतं.

लॅबचा बेत त्या एस्टीतच ठरला होता. दोघींनी रसायनशास्त्र घ्यायचं, पुढं पुण्याला शिकायचं, आणि परत येऊन यवतला लॅब काढायची. शिक्षण झालं. करुणाला हैदराबादच्या खत कंपनीत नोकरी लागली. “थोडा अनुभव घेते, मग आलेच गं,” असं सांगून ती गेली. जाताना स्कार्फ अनुपमाच्या घरीच विसरला. अनुपमानं हमरस्त्यालगत गाळा घेतला. टेबलं दोन घेतली, खुर्च्या दोन घेतल्या. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर तो पिवळा स्कार्फ घातला, आणि मग तो तिथंच राहिला.

करुणाचं लग्न झालं, मुलगा झाला. दिवाळीला फोन यायचे. पण “कवा येतीस?” हे दोन शब्द अनुपमानं कधी तोंडाबाहेर काढले नाहीत. बोलावून आणलेली सोबत ती काय सोबत, असं तिला वाटायचं. आई, विठाबाई, चुलीपुढं भाकरी थापता थापता गुणगुणायची,

*सांगून गेली सई, येते म्हणली शिमग्याला,*
*शिमगं गेलं किती, रंग चढंना अंगणाला…*

“आई, दुसरं गाणं न्हाई का तुज्याकडं?”

“गानं लय हायती. तुला टोचतं ते ह्येच,” विठाबाई तव्यावरून नजर न उचलता म्हणायची.

शेतकरी यायचे, मातीच्या पिशव्या ठेवायचे, “मॅडम, आमची माती पास का नापास?” विचारायचे आणि त्या खुर्चीकडं वळायचे. अनुपमा पटकन म्हणायची, “दादा, तिथं नको. बाकड्यावर बसा.” वर्षभर हाताखाली असलेली प्रांजलही एकदा तिथं टेकली होती, तेव्हा तिलाही उठावं लागलं होतं. प्रांजल ह्याच कॉलेजची, चार बुकं जास्तच शिकलेली. काल संध्याकाळी तिनं सरळ विचारलं होतं.

“ताई, चाकणच्या कंपनीला उद्या कळवायचंय. मला कुठं जायचं न्हाई. गावातच राह्यचंय. पण नोकर म्हणून न्हाई, तुमच्या बरोबरीनं. व्हय म्हणा न्हायतर न्हाई म्हणा. मी रुसायची न्हाई.”

“मेळावा होऊ दे. मग सांगते,” अनुपमा म्हणाली होती. नजर मात्र खुर्चीवर होती.

गाडी लॅबपुढं थांबली. प्रांजल आत स्टुलावर बसून माती चाळत होती. वर्तमानपत्रांवर वाळत घातलेल्या मातीचे वाफे, काळे, तांबूस, खारानं पांढुरके. करुणानं दारातच खोल श्वास घेतला.

“अगं, तोच वास! आपल्या प्रॅक्टिकलचा!”

आणि चालत चालत ती सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली. कुणाला दाखवावी लागली नाही. जणू सकाळीच उठून गेली होती. पाठ टेकली ती स्कार्फावर. तो उन्हानं विटून गव्हाच्या काडाच्या रंगाचा झाला होता. करुणाचं त्याच्याकडं लक्ष गेलं नाही. प्रांजलच्या हातातली चाळणी थांबली. तिनं अनुपमाकडं बघितलं.

“खुर्ची छान आहे गं. कुणाची ही?”

उत्तर कधीचं ओठांवर होतं. पण अनुपमा म्हणाली, “आल्यागेल्याची.”

मग चहा आला. करुणानं मोबाईलवर नवा फ्लॅट दाखवला, बाल्कनीतला झोपाळा दाखवला. “सासूबाईंनाही तिकडंच आणलं. पोरगा तेलुगू असा बोलतो की विचारू नको. आता तिकडचीच झाले बघ मी.” ती जरा थांबली. टेबलावरच्या मातीची चिमूट उचलून बोटांत चोळत राहिली. “कधी कधी वाटतं…”

“काय वाटतं?”

“काही नाही गं. जाऊ दे.”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. विमानाची वेळ होत होती. करुणानं हात झटकले, अनुपमाला घट्ट मिठी मारली, प्रांजलच्या गालाला हात लावला आणि ती पायऱ्या उतरली. तिच्या पाठीला लागून स्कार्फ खाली घसरला होता. अनुपमानं तो उचलला. रिकामी खुर्ची क्षणभर तशीच बघितली.

“प्रांजल, ये. हितं बस.”

“ताई, पण ती तर…”

“बस म्हणते ना. चाकणला कळव, येत न्हाई म्हणून.”

प्रांजल बसली, आधी अर्धी, मग पुरती. अनुपमानं ते बघितलं आणि स्कार्फ मुठीत धरून ती धावत बाहेर आली. गाडी चालू झाली होती. तिनं काचेवर थाप मारली. काच खाली आली.

खिडकीत करुणा, खाली रस्त्यावर अनुपमा. आत गेलेल्या हातात तो विटका स्कार्फ. करुणानं तो उलगडला, कोपऱ्यातला शाईचा डाग बघितला आणि तिचं शहरी मराठी कुठल्या कुठं गळून गेलं.

“आगं पमे… ह्यो माजा न्हवं? कुठं व्हता ह्यो?”

हमरस्त्यावरून उसाची ट्रॉली आणि मागोमाग ट्रक धडधडत गेले. त्या आवाजात हळू बोलून भागण्यासारखं नव्हतं. अनुपमानं दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं गळा मोकळा सोडला.

“त्या खुर्चीवर व्हता! आल्यागेल्याची न्हवती गं ती, तुजीच व्हती. इतकी वरसं जागा धरून बसले व्हते मी, करुणे. हाक मारायची तेवढी राह्यली.”