रक्षिताची भरती

रक्षिता आमच्या शेजारच्या नागूची मुलगी. गणेशगुडीला काळी नदीत ती पर्यटकांना राफ्टमधून खाली नेते. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून उभं राहायला शिकवणाऱ्या एका शाळेनं तिला बोलावलं होतं. कारवारपासून मंगळूरपर्यंत फिरायचं आणि नवशिक्यांना कुठं उतरवता येईल त्या जागा निवडायच्या. निवड पटली तर नोकरी कायम.

ती माझ्याकडे आली, कारण माझ्या घरी नकाशांचं पुस्तक आहे. मी जोयड्याच्या वाचनालयात नोकरी केली. पोहता येत नाही. समुद्रात घोट्याच्या वर कधी गेलेलो नाही. तरी ती विचारी, "आज्जा, ही जागा कशी वाटतीय?" मी नकाशावर बोट ठेवलं की गोकर्णापासून मुर्डेश्वरापर्यंतचा किनारा त्याखाली झाकून जाई.

"बरी असावी," मी म्हणे.

"तळाला खडक हाय का वाळू?"

"ते पुस्तकात नाही."

"मग बरी कशावरून?" असं म्हणून ती हसे आणि मोबाइलवर स्वतःच शोधे. वाळू हवी, उतार हळू हवा. नदीच्या मुखाशी नवशिके नकोत, तिथं पाणी बाहेर ओढतं. "पण काळी कारवारला मिळते तिथं मी एकटी उतरणार," ती म्हणाली. "आपली नदी पुढं काय करते बघायचंय."

अडचण नागूची होती. त्याच्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती.

"हाय टाइड बघून जागा ठरवायच्या म्हटलं, तर आप्पा डोळे वटारतील."

आयुष्यभर पुस्तकं चाळली, त्याचा कुठंतरी उपयोग व्हावा असं मला वाटलं असेल. मी म्हणालो, "इंग्रजी कशाला? भरती म्हण. कारवारला भरतीसाठी जाते म्हण. चांगला मराठी शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी नागू साखर घेऊन आला. "काका, तोंड गोड करा. पोरगी भरतीला चालली! पोलिसात का मिल्ट्रीत, ते काय बोलली न्हाई. लाजली असंल."

आमच्या रानात पाणी चढतं ते धरणातून सोडल्यावर. त्याला कुणी भरती म्हणत नाही. इथं भरती एकच, बेळगावच्या मैदानावरची. नागू तरुणपणी तिथं धावण्याची परीक्षा देऊन आला होता.

"बोटभर छाती कमी पडली माझी," तो म्हणाला. "तिचं कायबी कमी पडणार न्हाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात साखर होती.

थोड्या वेळानं रक्षिता आली. "आज्जा, शब्द तुमचा. आता तुमीच निस्तरा. मी सांगितलं तर म्हणतील, पोरीनं फसवलं. तुमच्यावर त्यांचा भरवसा हाय. त्यांना कळल्याबिगर मी बसमध्ये चढणार न्हाई."

मी खळ्यावर गेलो. मळणी चालू होती. "नागू, भरती या शब्दाचे दोन अर्थ आहेत."

"असतील की. शब्दांचं तुमच्याकडं, भाताचं माझ्याकडं. हे सूप धरा जरा."

संध्याकाळपर्यंत मी सूप धरून उभा होतो.

जायच्या दिवशी जोयड्याच्या स्टँडवर नागू आमच्या आधी हजर होता. हातात पांढरे, कोरे कॅनव्हासचे बूट. रक्षितानं माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला.

"नागू, ही भरती म्हणजे..."

"काय भरती?" कारवारच्या बसचा कंडक्टर दारातून वाकला.

"पोरीची. कारवारला हाय," नागू म्हणाला.

"आज? तुम्ही पोचेपर्यंत संपलेली असेल. आता उद्या सकाळी. माझं घर किनाऱ्यालाच आहे, मला पाठ असतं."

नागू माझ्याकडे वळला. "बघा! कंडक्टरलासुद्धा ठावं हाय. आन् तुमी आता सांगताय व्हय? म्हंजे मुक्काम पडणार. काका, तुमी संगट जा. मला खळं सोडून येता येत न्हाई."

"मी? अरे, पण..."

"शिकलेलं माणूस बरोबर असलं म्हंजे पोरीला धीर." त्यानं माझा दंड धरून मला वर चढवलं.

रक्षिता एक पाय पायरीवर, एक जमिनीवर ठेवून तशीच उभी होती. "आप्पा," ती म्हणाली. नागूनं डोळ्यांवरून हात फिरवला. कंडक्टरनं शिट्टी मारली. ती वर आली.

खिडकीतून नागूनं बूट माझ्या हातात कोंबले. बसबरोबर तो चार पावलं पळाला. "काका, तिला म्हणावं, पळताना मागं वळून बघू नको!"

"बरं," मी म्हणालो.

स्टँड मागं पडला. रक्षिता बाहेर बघत होती. मान न वळवता ती म्हणाली, "आज्जा, समुद्रात अनवाणी उतरतात."

मी बूट मांडीवर घट्ट धरून बसलो.