कुऱ्हाडछाप

"ह्यातलं सोयाबीन कोनतं आन् केना कोनता, दावा बरं मला!" धुरपतानं खुरपं चिखलात आपटलं आणि बांधावर जाऊन बसली.

मी काय दावणार? पेरणी झाली, उगवण चांगली झाली, आणि मग पावसानं जे धरलं ते तेरा दिवस सोडलंच नाही. रानात पाय टाकला की काळी माती गुडघ्यापर्यंत गिळायची. पाय उपसून काढला तर चप्पल तिच्याकडंच राहायची. तेवढ्या दिवसांत केन्यानं तिन्ही एकर घेतलं. हे गवत उपटून बांधावर फेकलं तर बांधावरच मूळ धरतं. त्याच्याखाली सोयाबीन पिवळं पडून माना टाकायला लागलं होतं.

"जिंतूरला जावा आन् ती बाटली आना," धुरपता म्हणाली.

"कोनती?"

"कोनती म्हनं! कुऱ्हाडीची. केन्याला दुसरं काय लागू हाय?"

"अगं, गावानं शपथ घेतलीय."

"शपथ घेतली तवा केन्याला इचारलं व्हतं का? आपल्याला दुसरं रान न्हाई, दुसरं पीक न्हाई. हे गेलं तर वरीसभर काय खायाचं, त्ये शपथंला इचारा."

 शपथ घेताना सगळ्यात उंच हात माझा होता. त्याला कारण होतं.

भुजंग माझ्या बरोबरीचा. सातवीपर्यंत एका फळीवर बसलो. पुढं मी माझ्या रानात राबलो, त्याला रान नव्हतं, तो लोकांच्या रानात. फवारणीला त्याच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. पाठीवर पंप टाकला की माणूस नुसता चालत सुटायचा. मागच्या भादव्यात माझ्याच कापसात तो फवारत होता. औषध कुऱ्हाडीचं. कंपनीचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक, पण अळीच्या औषधापासून तणाच्या औषधापर्यंत त्यांच्या प्रत्येक बाटलीवर कुऱ्हाडीचं चित्र, म्हणून आम्ही कुऱ्हाडछापच म्हणायचो. ऊन उकडल्यासारखं होतं, वारं पडलेलं, कापूस खांद्याला लागलेला. बघता बघता भुजंग सरीत खाली बसला. मला वाटलं, तंबाखू मळायला बसला असंल. जवळ गेलो तर तोंडाला फेस, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या.

पाठीवर घेऊन सडकेपर्यंत पळालो. जिंतूरहून परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेला. वाचला. घरी चालत आला. आम्हाला वाटलं, सुटलो. पण तीन आठवड्यांनी त्याच्या पायांतलं बळ जायला लागलं, आणि महिन्याभरात दारातून मोरीपर्यंत जायला बायकोचा खांदा लागायला लागला.

कंपनीची दोन माणसं पांढऱ्या गाडीतून आली. म्हणाली, "तोंडाला मास्क नव्हता, हातात मोजे नव्हते. बाटलीवर सगळं लिहिलेलं आहे."

"कुटं लिवलंय?" भुजंगची बायको सगुणाबाई म्हणाली.

त्यांनी दाखवलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. भुजंगची पोरगी सुकेशनी तेव्हा जिंतूरला अकरावीला. तिनं बाटली डोळ्याला लावून वाचलं, आणि खाली ठेवली.

त्या आठवड्यात ग्रामपंचायतीपुढं सगळा गाव जमला. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी दिनकरराव. तेच पहिल्यांदा उठले. "आजपासनं कुऱ्हाडीची एक बाटली ह्या शिवारात दिसली तर मला इचारा! बी न्हाई, खत न्हाई, औषिद न्हाई. त्यांना कळू द्या, गाव काय असतं." टाळ्या पडल्या, सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. कृषी केंद्राच्या नागनाथनं कंपनीचे खोके टेम्पोत भरून परत धाडले, दुकानावरचा बोर्ड उतरवला. उन्हाळाभर आमची छाती फुगलेली होती.

आणि आता हा केना.

धुरपताशी भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिनकररावांच्या रानावरून गेलो, आणि पाय जागीच थबकले. सोयाबीन हिरवंगार उभं. मधला केना ओळीनं करपून काळा पडलेला. दिनकरराव बांधावरच होते.

"रान लय साफ केलंत," मी म्हणालो.

"मजूर लावले."

"कुटले?"

"भायेरचे." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

खुरपलेल्या रानातलं गवत उभ्यानं करपत नसतं, हे मला कळत होतं. मी त्याच पावली एसटी धरून जिंतूरला गेलो. दुकानदाराला म्हणालो, "केन्याचं द्या, पन कुऱ्हाडीचं नको." त्यानं क्षणभर बघितलं आणि दुसरी बाटली पुढं ठेवली. हिरवं झाकण, वर सूर्यफुलाचं चित्र. "हे घ्या. दुसरी कंपनी. केना राहायचा न्हाई." माझ्या जिवातला भार उतरला. इमानही राहिलं आणि रानही राहील. बाटली मी पिशवीतसुद्धा घातली नाही, हातात धरून गावात आलो.

सकाळी आभाळ उघडलं. पंप धुऊन ठेवला. ओढ्यावरून पाणी आणायला धुरपतानं सगुणाबाईला सांगितलं होतं. पावसानं पंधरा दिवस कुणालाच काम नव्हतं, तिच्या चुलीचे हाल आम्हाला माहीत होते. रविवार होता, म्हणून सुकेशनीही आईबरोबर आली.

"सगुणाबाई, भ्याऊ नका," मी बाटली पुढं केली. "दुसऱ्या कंपनीची हाय. मी इचारून आनली."

सुकेशनीनं बाटली घेतली. ओढणीच्या टोकानं कागद पुसला, उलटा केला, डोळ्याजवळ नेला.

"नागेशकाका, हे तेच हाय."

"काय तेच? चित्र बघ की!"

"चित्र दुसरं हाय. बनवनारे तेच. नाव तेच, पत्ता तोच. आमच्या आबाच्या भरपाईसाठी चार अर्ज ह्याच पत्त्यावर टाकलेत मी. तोंडपाठ हाय मला."

 सगुणाबाईनं डोक्यावरची घागर सावकाश खाली ठेवली.

"तरी बी मारा," धुरपता म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आपुन जानून आनली न्हाई. फशिवलं त्यांनी. आज उघडलंय, उद्या पुन्हा लागंल. मारा!"

"मारा, नागेशभाऊ," सगुणाबाई म्हणाली. "तुमचं रान हाय, मी अडवीत न्हाई. पन माझ्या हातानं पानी न्हाई. आजची मजुरी देऊ नका." मायलेकी बांधानं निघून गेल्या. ती शिव्या देती तर मला बरं वाटलं असतं.

मी स्वतः घागर घेऊन ओढ्यावर गेलो. पाणी आणलं, पंपात ओतलं. हिरवं झाकण फिरवलं आणि वास आला. त्या दिवशीचा वास वेगळा होता, हा वेगळा होता, हे मला कळत होतं. तरी पाठीवर भुजंगचं ओझं आहे असं वाटायला लागलं. मी चिखलातच खाली बसलो. उठायचं म्हटलं तरी उठता येईना. धुरपतानं बराच वेळ वाट बघितली. मग खुरपं उचललं आणि माझ्याकडं न बघता घरी गेली.

दिवस मावळायच्या आत मी भुजंगच्या दारात गेलो. तो उंबऱ्याला टेकून बसला होता. सुकेशनीनं त्याला सांगितलंच होतं.

"पेरून किती दिस झाले?" त्यानं विचारलं.

"पंचवीस."

"मंग उशीर झाला. केना एवढा चढल्यावर कोनतंबी मारलं असतंस, तरी निम्माच मेला असता." हे खरं होतं का माझ्या समाधानासाठी, मला कळलं नाही. मग म्हणाला, "फवारनार कोन व्हतं?"

"मीच."

"तोंडाला काय बांधलं व्हतं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई?" भुजंग असा ओरडला की आतून सगुणाबाई धावत आली. "मी हितं बसलोय ते दिसंना का तुला? आंधळा झालास का? तुला सडकंपर्यंत कोन नेनार व्हतं? मी?"

 मी उठलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगुणाबाई, तिची शेजारीण धम्मशीला आणि त्यांच्या वस्तीतल्या चार बाया खुरपी घेऊन माझ्या रानात आल्या. मी बोलावलं नव्हतं. दोन दिवस पाठ न उचलता खुरपत होत्या. केना पाट्यांत भरून सडकेवर नेऊन टाकला. एक एकर मोकळं झालं. तिसऱ्या दिवशी पावसानं पुन्हा धरलं, आणि आठ दिवसांनी उघडलं तेव्हा उरलेल्या दोन एकरांत सोयाबीन शोधायची गरज राहिली नव्हती. रोटाव्हेटर घातला. पोळ्याच्या आधी म्हैस विकली. जिंतूरच्या दुकानदारानं बाटली परत घेतली नाही. धुरपता माझ्याशी बोलत नव्हती. ताट पुढं सरकवायची आणि भिंतीकडं तोंड करून जेवायची.

गावात शपथेचं नाव कुणी काढत नव्हतं. नागनाथच्या दुकानावर कुऱ्हाडीचा बोर्ड पुन्हा लागला, आधीच्यापेक्षा मोठा. ग्रामपंचायतीपुढून जाताना लोक एकमेकांना फक्त पावसाचं विचारायचे.

भादव्यात दिनकररावांच्या कापसावर अळी पडली. फवारायला माणूस पाहिजे म्हणून ते वस्तीवर गेले. धम्मशीला पुढं झाली. म्हणाली, "बाटली दावा. सुकेशनी वाचंल. त्या कंपनीची असली तर आमच्यातलं कोनी यायचं न्हाई." दिनकररावांनी बाटली दाखवली नाही. भायेरचे मजूर त्या आठवड्यात कुणालाच मिळत नव्हते. शेवटी ते माझ्या दारात आले.

"नागेश, चार दिसाचं काम हाय. दुप्पट देतो. तुझं रान गेलंय, मला काय दिसंना का?"

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. घरात पीठ डब्याच्या तळाला गेलं होतं. तेवढ्यात धुरपता पदराला हात पुसत दारात आली.

"ते येनार न्हाईत."

"सूनबाई, घरात काय हाय ते बगा जरा."

"घरात काय हाय ते मला चांगलं ठावं हाय, दिनकरराव. दोन एकर पडीक हाय. दावनीला म्हैस न्हाई. एक मानूस तेवढा धडधाकट हाय. तो ऱ्हाऊ द्या."

दिनकरराव गेले. धुरपता माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "च्या घेता का? कोराच हाय." दीड महिन्यानंतर ती माझ्याशी बोलली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी आणि सगुणाबाई पडीक रानातला पाला ओढून परत येत होतो. दिनकररावांच्या कापसात एक माणूस एकटाच हलत होता. पांढरं धोतर, डोक्याला रुमालाची टापर, पाठीवर पंप. साठी उलटलेला माणूस. चार पावलं टाकायचा, थांबायचा, पट्टा सावरायचा, पुन्हा चालायचा. वारं समोरून येत होतं आणि फवाऱ्याचं धुकं सगळं त्यांच्याच तोंडावर फिरत होतं.

मी बघत उभा राहिलो. मला थोडं बरंही वाटलं, हे मी कबूल करतो.

सगुणाबाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला, बांधावर चढली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "ओ दिनकरराव! वारं म्होरनं हाय! फिरा, फिरा तिकडं! तोंडाला फडकं बांधा आदी!"

ते थांबले. आवाज कुणाचा ते त्यांनी वळून बघितलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग हळूहळू वाऱ्याकडं पाठ केली. तोंड बांधलं का नाही, ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही.