आधीचे सात दिवस

“हा लॉटही परत!” वैशालीने साडीचा तुकडा टेबलावर आपटला. “मोरपंखी म्हणतात का याला? शेवाळ आहे हे, शेवाळ.”

रंगखात्याच्या योगेंद्र मास्टरांनी तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला, मूळ नमुन्याशेजारी धरला. “वैशालीबेन, सकाळपासून हा पाचवा. मला तर बरोबर वाटतोय.”

“मग तुम्हीच पास करा. माझं काय काम इथे?”

तिने वहीतलं पान फाडून उभ्याउभ्या राजीनामा लिहिला आणि डबा तिथेच विसरून पांडेसऱ्याच्या रस्त्याने घरी निघाली.

अकरा वर्षांतली ही चौथी कापड-रंगाईची मिल. आधीच्या तिन्ही ठिकाणांहून ती अशीच उठून आली होती. दर वेळी दुसरं काम मिळालं, कारण तशी नजर सहज मिळत नाही. दोन निळ्या रंगांतला जो फरक इतरांना निरखूनही कळत नसे, तो तिला चालता चालता दिसायचा. पण रागीट बाईचं नाव सगळ्या मिलमधून फिरतं. आता पाचव्या ठिकाणी कोण उभं करणार होतं?

नवागामच्या खोलीत नऊ वर्षांची अनुजा अभ्यास करत होती. तिने आईचा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, “आई, आज बोलू का तुझ्याशी?”

वैशालीने चादर ओढली. भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली. आपण नसलो तर या पोरीचं बरंच होईल, असं मनात आलं आणि त्या विचारानेच ती घाबरली.

सासूबाई सुभद्राबाईंनी मीठमोहरी उतरवली. “तुले बाहेरनं लागेल शे. मी गावले जाईसन भगतले ईचारस.”

तिसऱ्या दिवशी पाळी आली. सुभद्राबाईंनी नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचं बोट उमटवलं. चार दिवस सून देवाला आणि चुलीला शिवणार नाही, याची ती खूण. वैशाली कोपऱ्यात चटईवर बसली आणि डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तशी हलकी झाली. तिने अनुजाची गणितं करून घेतली. एका चुकलेल्या उत्तरावर दोघी पोट धरून हसल्या.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी ती डबा आणायला मिलमध्ये गेली. मास्टर म्हणाले, “ते पाच लॉट तसेच पडलेत. तुम्ही बघितल्याशिवाय पाठवायचा धीर होत नाही. एकदा बघून जा.”

तिने एकेक तुकडा उजेडात धरला. पाचही बरोबर होते. इतके बरोबर की तिचे कान तापले.

प्रत्येक लॉटचा तुकडा तारखेसह चिकटवून शेजारी शेरा लिहायचा, अशी मिलची पद्धत. ते शेडचं, म्हणजे रंगछटांचं, रजिस्टर तिने मागे उलटत नेलं. ‘परत’ हा शेरा तिच्याच हातचा, पण महिनाभर विखुरलेला नव्हता. सहा-सात दिवस सलग ‘परत, परत’, मग तीन आठवडे एखादाच. तिने तारखा कागदावर उतरवल्या, घरी येऊन कॅलेंडर मांडीवर घेतलं आणि तुकडे जुळवावेत तशा तारखा जुळवत गेली. प्रत्येक कुंकवाच्या बोटाआधी ते सात दिवस होते.

“आई, इकडे या. तुम्ही खुणा केल्या म्हणून सापडलं.”

“काय सापडनं?”

“माझं बाहेरचं.”

घराने सगळं लक्ष त्या चार दिवसांवर ठेवलं होतं. त्या चार दिवसांत तिला बाजूला बसवत होते, आणि तेव्हाच ती सगळ्यांत शांत असायची. आधीचे सात दिवस कुणी मोजलेच नव्हते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सुषमाबेनांनी तिला दोन महिने रोजचं मन लिहून आणायला सांगितलं. तिथून वैशाली थेट मिलमध्ये गेली.

“मास्टर, कामावर येते. पण दोन गोष्टी ठरवून. पाळीच्या आधीचे सात दिवस मी एकटी लॉट परत करणार नाही. ती नवीन लागलेली किरण शेजारी उभी राहून बघेल. आणि त्या दिवसांत दिलेला माझा राजीनामा धरायचा नाही.”

मास्टरांची नजर छताच्या पंख्यावर गेली. “हे बायकांचं... मला कशाला सांगता?”

“रजिस्टर तुमचं आहे म्हणून.”

मास्टरांनी रजिस्टर जवळ ओढलं. मग म्हणाले, “आणि राजीनामा दिलात तर ठेवायचा कुठे?”

“रद्दीत. पण माझ्यासमोर फाडू नका. आणखी राग येईल.”

दोन महिन्यांची वही वाचून डॉक्टर म्हणाल्या, “हे वेड नाही, बाहेरचंही नाही. आजार आहे. पाळीआधी शरीरात जे बदल होतात, ते काही बायकांच्या मनाला फार जोरात लागतात. गोळ्या देते. सगळं जाईल असं नाही, पण सोसण्याइतकं होईल. जीव नकोसा वाटला तर एकटं बसायचं नाही. घरात सांगायचं, तडक इथे यायचं.”

परत येताना रिक्षात सुभद्राबाईंनी गोळ्यांची पुडी मुठीत धरली होती. उधन्याची वस्ती ओलांडल्यावर आपल्या आईची आठवण काढून म्हणाल्या, “मनी मायले बी आसंच व्हये. तिले घरम्हा कोंडी ठेवेत.” आणि त्यांनी सुनेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

लग्नसराईच्या ऐन गर्दीत पुन्हा ते सात दिवस आले. टेबलावर राणी रंगाचा लॉट होता.

“किरण, मला हा मळका दिसतोय.”

“मला बरोबर दिसतोय, ताई.”

काल आलेली पोरगी मला रंग शिकवणार! हे शब्द ओठांपर्यंत आले. वैशालीने टेबलाची कड घट्ट धरली. श्वास जागेवर येईपर्यंत ती खिडकीबाहेरच्या चिमण्यांकडे बघत राहिली.

“उलट्या बाजूने बघितलंस?”

“बघितलं. बरोबरच आहे.”

वैशालीने तुकडा कापला, रजिस्टरमध्ये चिकटवला, अंगठ्याने चारही कोपरे दाबले. शेजारी ‘पास’ लिहिलं. पेन आधी किरणच्या हातात दिलं. तिची सही झाल्यावर, खाली, वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढच्या लॉटसाठी हात पसरला.