केतकी जोशींचा संदर्भ

विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेमलता देसाई मुलांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगत आल्या होत्या: संदर्भ नुसता उतरवायचा नाही, मूळ लेख हातात धरायचा. नाही मिळाला तर चार ठिकाणी विचारायचं. शेवटी जे सापडलं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

यंदा त्यांनी नव्या संशोधक मुलांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या. चिठ्ठीत येईल तो जुना प्रबंध कपाटातून काढायचा त्यातला एक संदर्भ शोधायचा आणि शेवटी काय सापडलं त्याचा शेरा लिहायचा. निपाणीच्या क्षमानं चिठ्ठी वाचली, "केतकी जोशी. सीमाभागातल्या मराठी शाळा." हेमलताबाईंनी चिठ्ठी तिच्या हातातून घेऊन पुन्हा वाचली.

केतकी जोशी म्हणजे त्या स्वतःच. लग्नात नवऱ्यानं तांदळात अंगठीनं 'हेमलता' लिहिलं आणि जुनं नाव संपलं. आता त्या राहत त्या बनशंकरी भागातल्या शेजारणींनाही ते ठाऊक नव्हतं. पण प्रबंधात संदर्भ म्हणून दिलेला एक लेख कुणी कधी लिहिलाच नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मार्गदर्शक अडून बसले होते, या विधानाला आधार दाखव म्हणून. प्रबंध द्यायला दोन दिवस उरलेले. कशी बुद्धी झाली कोण जाणे, बाईंनी बेळगावच्या एका त्रैमासिकाचा अंक, लेखक, पान, सगळं ठोकून दिलं! पंचवीस वर्षं कुणी विचारलं नाही. आणि आता, पुढच्या महिन्यात मुख्य ग्रंथपालाच्या खुर्चीत बसायचं, तर दोनशे संदर्भांतून या पोरीनं नेमका तोच उचलावा!

"दुसरा घे की गं," त्या म्हणाल्या. "तो अंक वाळवीनं खाल्ला असेल."

"बेळगावात विचारते ना, अक्का. चार ठिकाणी, तुम्हीच म्हणता."

बेळगावाहून नकार आला, मग धारवाडहून. क्षमा रोज नवा कागद घेऊन हसत टेबलापाशी यायची, आणि जिन्यात तिची पावलं वाजली की बाई उगाच रजिस्टर उघडून बसायच्या. पुण्याहून उत्तर आलं की ते त्रैमासिक त्या अंकाच्या आदल्या वर्षीच बंद पडलं होतं.

"आता लेखिकेलाच गाठते, अक्का."

"कुठं सापडणार ती? लग्न होऊन गेली असेल कुठंतरी."

"सरी, अक्का." क्षमानं कानडीत होकार भरला. "स्वल्प, थोडाच वेळ द्या. शोधते."

ती गेली आणि बाईंना एकदम आठवलं. कार्ड! लेखकाचं नाव बदललं की जुन्या नावाच्या कार्डावर 'पाहा' म्हणून नवीन नाव लिहून ठेवायचं, हे त्या वर्गातही शिकवायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी, नव्या नवरीच्या कौतुकात, त्यांनी स्वतःचंही तसं कार्ड केलं होतं. संगणक आल्यापासून ते खण कुणी उघडत नसे. त्या धावतच तळघरात गेल्या, 'जो'चा खण ओढला, कार्डं दोनदा चाळली. त्यांचं कार्ड नव्हतं.

वर आल्या तर क्षमा टेबलापाशी बसलेली. हातात ते पिवळं कार्ड, आणि चेहरा आनंदानं फुललेला.

"अक्का, तुम्हीच? आणि मला पत्ता लागू दिला नाही! परीक्षा घेत होता ना माझी? त्या लेखाची प्रत घरी असेलच. उद्या आणाल?"

घर बदलताना हरवली, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण पोर अशी बघत होती की बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"नाही गं. तो लेख नव्हताच. मीच बनवला."

क्षमा आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि पेन उघडलं.

"शेऱ्यात काय लिहू?"

"जे सापडलं ते."

तिनं खाली मान घालून चार ओळी लिहिल्या आणि कागद पुढं सरकवला.

"इथं सही करा, मॅडम."