शून्याचं टोक

धाकट्या बहिणीचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे सारखं चांगुलपणाचं सोंग आणायला नको. आम्ही दोघी वास्तुकार. ऑफिस एकच. दोन टेबलं, एक खिडकी आणि एक प्रिंटर, जो तिचं काम असलं की निमूट चालतो आणि माझं असलं की कागद गिळतो.

बाबा जमिनी मोजायचे. सुट्टीत आम्हाला बरोबर न्यायचे. धाकटीनं टेपचं शून्याचं टोक खुंटीवर दाबून बसायचं, मी टेप उलगडत पुढे जायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि वहीत लिहायचा. "शून्य धरणाऱ्यानं हलायचं नाही," बाबा म्हणायचे. ती हलायची नाही. एकदा मुंग्यांच्या वारुळावर बसली होती, तरी हलली नाही. संध्याकाळी आईनं तिच्या पायांना औषध लावलं आणि घरभर तिचंच कौतुक झालं. वहीतले सत्तावीस आकडे बिनचूक होते, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आजही आम्ही मोजणीला गेलो की शून्य तीच धरते. बाकी सगळ्यात ती माझ्यापुढे गेली. तेवढं एक तसंच राहिलं होतं.

बेटाचं काम आलं तेव्हा वाटलं, आता माझी पाळी. किनाऱ्यापासून होडीनं पाऊण तासावर एक लहान बेट. त्यावर कोळ्यांचं एक गाव आणि पर्यटकांसाठी तंबूंचं मैदान. तंबू फाटलेले, दोऱ्या जागोजागी पायात येणाऱ्या, संडास म्हणजे चार खड्डे. बेटाच्या समितीला तंबू काढून बारा झोपड्या उभ्या करायच्या होत्या. अटी साध्या होत्या. झाड तोडायचं नाही, सिमेंट ओतायचं नाही, समुद्रात घाण सोडायची नाही आणि गावाला परकं वाटेल असं काही बांधायचं नाही.

आम्ही दोघींनी वेगवेगळे आराखडे केले. समितीनं हवा तो निवडावा, असं मीच सुचवलं होतं. खुमखुमी माझीच.

मी महिनाभर पुस्तकं, नकाशे, वाऱ्याचे तक्ते घेऊन बसले. बेटाच्या उत्तरेला, वाळूमागच्या झाडीत बारा झोपड्या एका रेषेत बसवल्या. धाकटी मात्र पिशवी उचलून बेटावर गेली आणि अकरा दिवस तंबूत राहिली. परत आली ती उन्हानं रापलेली, हाताला माशांचा वास आणि जिभेवर अख्ख्या गावाची टोपणनावं.

"ताई, तिथली घरं बघायला हवीस तू! एकही घर शेजारच्या घराला समांतर नाही. सगळी दारं तिरकी. काय गोड दिसतं माहितीये? मी आपल्या झोपड्याही तशाच तिरक्या बसवल्या."

तिनं त्या बसवल्या होत्या खिंडीत. बेटाच्या मधोमध एक लांबट टेकडी आहे. गाव तिच्या आड, वाऱ्यापासून लपलेलं. टेकडीला मध्ये एकच खिंड. तिथे सावली, गोड्या पाण्याचा झरा, मोकळी सपाट जागा. माझ्याही नकाशात ती होती. पण मला वाटलं, इतकी चांगली जागा गावानं मोकळी ठेवलीय म्हणजे काहीतरी असणार. मी विचारलं नाही, नुसती टाळली.

समितीची बैठक शहरात झाली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मास्तर, बाकी सहाजण बोटीवर जाणारे. धाकटीनं लाकडी मॉडेल मांडलं. खांबांवर उभ्या झोपड्या, खाली नुसते दगड, खिळ्यांऐवजी खुंट्या. "अख्खी झोपडी दोन दिवसांत सुटी होते," ती म्हणाली. "नकोशी झाली तर जमिनीवर ओरखडाही राहणार नाही." आणि मग ती तिरकी दारं. माणसं मॉडेलभोवती गोळा झाली. एकानं आपलं घर ओळखल्यासारखं बोट ठेवलं.

मग मास्तरांनी माझा कागद हातात घेतला. "चांगलं आहे. पण बाई, हे जरा इस्पितळातल्या वॉर्डासारखं वाटतं."

सगळे हसले. धाकटीही हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. तो हात मला हसण्यापेक्षा जास्त लागला.

काम तिच्या आराखड्याला मिळालं. बैठकीहून ऑफिसात परतताना ती म्हणाली, "ताई, संडास आणि पाणी तूच कर हं. तुझ्याइतकं नेटकं कुणाला जमत नाही." आणि तिला ते मनापासून वाटत होतं. तीच तर पंचाईत आहे तिची. टोमणा असता तर मी परत मारला असता.

तर मी संडासवाली झाले. भुसा टाकायचे कोरडे संडास, पावसाच्या पाण्याची टाकी, मोरीचं पाणी गाळायला लव्हाळ्याचा वाफा. या कामासाठी मी एकटीच बेटावर गेले. धाकटी शहरात आमच्या नेहमीच्या सुतारकाकांबरोबर लाकूड निवडत होती.

होडी चालवणाऱ्या बाईंना सगळे कप्तान म्हणतात. पन्नाशीच्या, आवाज इंजिनावर मात करणारा. वाफ्याची आखणी झाल्यावर त्यांनी मला घरी चहाला नेलं. संध्याकाळ होत आली होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात बसल्या, चूल मागे थंड, नजर समोर.

"चहा ठेवताय ना?" मी शेवटी न राहवून म्हटलं.

"ठेवते की. बोटी दिसू देत."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पाहिलं. तिरक्या दारातून सरळ खिंड दिसत होती, आणि खिंडीतून पलीकडचा समुद्र. तेवढाच. गावातून समुद्र दिसायची दुसरी जागाच नव्हती. शेजारच्या दारात एक म्हातारी बसली होती, पलीकडे एक तरुण मुलगी. सगळ्या दारांची तोंडं खिंडीकडे.

"एक," कप्तान म्हणाल्या. पलीकडची मुलगी म्हणाली, "दोन." मग तीन, चार. पाचवी जरा उशिरा आली. ती दिसली तशा सगळ्या उठल्या आणि घराघरातून धूर निघाला.

"एकदा चारच दिसल्या," चहा गाळत कप्तान म्हणाल्या. "लगेच माणसं परत धाडली. माझा दीर लाकडाला धरून तरंगत होता. अजून तासभर गेला असता तर हाती लागला नसता." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिथे झोपड्या झाल्या तर आम्ही बघायचं कुठून?"

"समितीत कुणी बोललं नाही?"

"समितीत सगळे बाप्ये. त्या वेळेला ते बोटीत असतात. त्यांना कोण बघतंय, हे त्यांना काय ठाऊक?"

"मग माझ्या बहिणीला का नाही सांगितलंत? अकरा दिवस होती की ती."

"तेव्हा कुठे माहीत होतं ती काय बांधणारेय. आता कळलं, तर पोर इतकी खूश आहे की माझ्याच्यानं बोलवेना. तुम्ही मोठ्या. तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल ती."

"सांगते," मी म्हटलं.

परतीच्या होडीत मला काय वाटत होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला आनंद झाला होता. तिनं तिरकेपणा उचलला, तो का आहे हे विचारलंच नाही. ज्यासाठी घरं तिरकी, तेच झाकायला निघाली. अकरा दिवस राहूनही! आणि मी एका चहात ते शोधलं. घरी पोचेपर्यंत मी ते वाक्य दहा तऱ्हांनी मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते आणखी खोचक होत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबा खायला बसलो. तिनं तिच्यातलं अर्धं न विचारता माझ्या झाकणात वाढलं. मी म्हटलं, "अगं, ती खिंड..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई होती. आवाज मला समोर बसून ऐकू येत होता. कुठल्याशा मासिकाला धाकटीची मुलाखत हवी होती, फोटोसकट. आई शेजारपाजारी सांगूनही आली होती. "तुझ्या ताईला म्हणावं, तिनंही जरा तुझ्यासारखं माणसांत मिसळावं," आई म्हणाली.

धाकटीनं फोन ठेवला. "काय म्हणत होतीस? खिंडीचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिथल्या झऱ्याला जाळी लावावी लागेल."

एवढं सोपं होतं ते. पुढे तीन आठवडे मी मूग गिळून बसले. तिनं नमुन्याची पहिली झोपडी खिंडीत उभी करायचं ठरवलं तेव्हाही. सुतारकाकांचं लाकूड होडीत चढलं तेव्हाही. मी स्वतःला सांगत होते की एकच तर झोपडी आहे, आणि दोन दिवसांत सुटी होते. खरं कारण वेगळं होतं. एकदा, फक्त एकदा, तिला सगळ्यांसमोर तोंडावर आपटलेलं मला बघायचं होतं.

झोपडी सुरेख झाली. हे म्हणतानाही दात खावेसे वाटतात. छपराचा उतार वाऱ्याला अंगावरून जाऊ देणारा, जमीन चालताना हलकी वाजणारी, दिवे खाली झुकवलेले म्हणजे रात्री आकाश उजळू नये. शेवटची खुंटी ठोकून सुतारकाका घाम पुसत बसले. मास्तर शहरातून मुद्दाम आले होते. संध्याकाळ व्हायला आली होती.

आणि गावाकडून बायका चढून आल्या. सात-आठ जणी, पुढे कप्तान. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. त्या झोपडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, समुद्राकडे तोंड करून ओळीनं उभ्या राहिल्या आणि मोजू लागल्या. एक. दोन. ती म्हातारी एवढा चढ चढून धापा टाकत होती.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

कप्तान पाचवी बोट दिसेपर्यंत बोलल्या नाहीत. मग वळल्या. "खालून आता दिसत नाही, म्हणून वर आलो. रोज यावं लागेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताईंना मी सांगितलं होतं. म्हटलं होतं, बहिणीला सांगा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सुतारकाका, मास्तर, त्या सात-आठ जणी. तीन आठवडे मी या क्षणाची वाट पाहत होते आणि त्यात मधोमध मीच उभी होते.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली गावाकडे, त्या तिरक्या दारांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला सगळं कळत गेलेलं मला दिसलं. दारं का तिरकी होती तेही, त्या दिवशी जाळीचं काय होतं तेही. तिचा चेहरा मुंग्या चावत होत्या तेव्हासारखा झाला.

"हो," ती कप्तानना म्हणाली. "ताईनं सांगितलं होतं मला. त्याच दिवशी. माझ्याच डोक्यातून निघून गेलं."

"निघून गेलं?" मास्तर म्हणाले. "एवढी मोठी गोष्ट?"

"चुकलंच माझं." तिनं म्हातारीचा हात धरला. "आजी, उद्यापासून काढायला घेतो. दोन दिवसांत इथे काही राहणार नाही."

मास्तर बराच वेळ बोलत राहिले. बेजबाबदारपणा, समितीचा विश्वास, नुसतं मिरवणं. ती मान खाली घालून ऐकत होती. मी म्हणायला हवं होतं, की ती खोटं बोलतेय. तोंड उघडलंही. आणि मिटून घेतलं. आणि खरं सांगू? शिव्या ती खात होती, तरी त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटत होता. मला ते खोटं कधी बोलता आलं नसतं.

कप्तान जाताना माझ्याजवळून गेल्या. "असं होय," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी चहाला बोलावलं नाही.

दोन दिवसांत झोपडी उतरली. आम्ही तिघांनी खुंट्या काढल्या, फळ्यांवर नंबर घातले, दगड बाजूला लावले. धाकटी सुतारकाकांशी बोलत होती, माझ्याशी कामापुरतं. "ती दोरी दे." "हे टोक उचल." तिनं एकदा तरी भांडावं म्हणून मी वाट पाहत होते. रात्री तंबूत मी म्हटलं, "बारके, मी..." आणि ती म्हणाली, "झोप ताई, उद्या लवकर उठायचंय."

सकाळी तिनं माझा जुना नकाशा पसरला. उत्तरेची झाडी, माझी ती वॉर्डासारखी रेघ. गावातून तिथलं काही दिसत नाही, आणि तिथल्यामुळे गावाला काही दिसायचं थांबत नाही. "जागा तुझीच बरोबर होती," ती म्हणाली. "झोपड्या मी बसवते."

आम्ही तिकडे गेलो. सुतारकाकांनी पहिली खुंटी ठोकली. सवयीनं मी टेप घ्यायला हात पुढे केला, वही काखेत होतीच.

तिनं टेपचा डबा स्वतःच्या हातात ठेवला. काखेतली वही हळूच काढून घेतली. मग टेपचं टोक ओढून माझ्यापुढे धरलं.

"शून्य तू धर," ती म्हणाली. "आणि हलू नकोस."

मी खाली बसले आणि टोक खुंटीवर दाबून धरलं. ती टेप उलगडत झाडीतून पुढे गेली. बऱ्याच लांबून तिचा आवाज आला. तिनं आकडा मोठ्यानं वाचला आणि वहीत लिहून घेतला.