गुण मोजणारा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे, भोकं पाडलेला. मित्रांनो, रोजगार कार्यालयात काम शोधायला येणारी माणसं साठ प्रश्नांची कल चाचणी सोडवतात. त्यांच्या उत्तरपत्रिकेवर मला ठेवायचं आणि भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजायच्या. कोणाला कोणतं काम जमेल, ते त्यावरून ठरतं.

एका शिक्षकाने पट्टी लावून, एकेक भोक मोजून मला घडवलं. तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे उत्तरपत्रिका नव्याने छापली. जागा वाचावी म्हणून वरचा नमुन्याचा प्रश्न काढला आणि बाकीचे सगळे एक ओळ वर सरकले. मला मात्र कोणी बदललं नाही. सातव्या उत्तराच्या भोकातून आठवं दिसू लागलं. माझे कोपरे कागदावर चपखल बसत, म्हणून नऊ वर्षं कोणाला शंका आली नाही.

मग एक टर्नर आला. कारखाना बंद पडलेला, वय चव्वेचाळीस. यंत्रदुरुस्तीच्या वर्गाला पंचेचाळिशीपर्यंतच घेत.

"काका, हातकाम तुम्हाला जमणार नाही असं आलंय," कारकूनबाई म्हणाल्या.

"बावीस वर्षं लेथ चालवलं मी, ताई. बोटं काय शेजाऱ्याची मागून आणली होती?"

"मी कुठे म्हणतेय? चाचणी म्हणतेय."

त्याच महिन्यात चाचण्या पारखायला एक बाई आल्या. त्यांनी टर्नरला पुन्हा बसवलं. गुण तेवढेच आले.

"बघा, भरवशाची आहे!" कारकूनबाई खुलल्या.

"चूकही दरवेळी तीच होऊ शकते," बाई म्हणाल्या. मला बाजूला सारून त्यांनी एकेक उत्तर हाताने तपासलं. हातकामात टर्नरचे गुण त्या वर्षी सर्वांत जास्त होते.

तोवर वर्ग भरला होता. पुढचा सुरू होईल तेव्हा त्याची पंचेचाळिशी उलटलेली असेल.

"मग आता हे मला कशाला सांगता, ताई?" तो म्हणाला.

त्याच्या आधीच्या माणसांच्या पत्रिका कधीच रद्दीत गेल्या आहेत. बाईंनी अहवाल पाठवला. त्यावर शेरा आला: नवा पुठ्ठा मिळेपर्यंत जुनाच वापरावा. कारकूनबाईंनी तो दोनदा वाचला आणि मला खणातून काढलं.

मित्रांनो, माझ्यासारखं साधन तुमच्या हाती आलं, तर आधी एका माणसाची उत्तरं स्वतः मोजून पाहा. एवढं तरी करा. आत्ता माझ्याखाली काम सुटलेल्या एका शिवणकामवालीची पत्रिका आहे. ती बाहेर बाकावर बसली आहे आणि दार वाजलं, की उठून उभी राहते.