मशालींभोवतीचं कडं

“कडं? कसलं कडं?” भाजी चिरता चिरता बायकोने विचारलं.

समीक्षकमहाशय वाचायचे थांबले. लेख साप्ताहिकाकडे धाडण्याआधी बायकोला वाचून दाखवायचा, हा त्यांच्या घरचा जुना शिरस्ता. तिला जिथे जांभई येई, तो परिच्छेद महाशय मुकाट्याने कापत. पण आज स्वारी भलतीच खुशीत होती. दुपारी दोघांनी मिळून पाहिलेला तो काळोखाच्या राज्याचा सिनेमा त्यांना अगदी लख्ख उलगडला होता!

“अगं, मशालींभोवतीचं! मेणबत्त्या, कंदील, राणीच्या हातातला दिवा, सगळ्यांभोवती रंगीत कडं आहे. राजाने सूर्याला हद्दपार केलंय ना? मग उरलेल्या उजेडालाही दिग्दर्शकाने बेड्या घातल्यात. अख्खा सिनेमा याच्यावर उभा आहे. बाकीच्यांच्या डोक्यात हे येणारसुद्धा नाही!”

“तुमचं आपलं काहीतरीच. मशालीसारख्या मशाली होत्या.”

“झोपली असशील.”

“पडद्यावरच्या त्या राक्षसासमोर झोपायची काय बिशाद! अहो, खरंच नव्हतं कडं.”

एरवी महाशय चिडले असते. आज मात्र त्यांना कुतूहल वाटलं. एकाच पडद्यावर दोघांना दोन सिनेमे दिसावेत, हे काय गौडबंगाल? “बरं, राजकन्येला कोंडलंय त्या तळघरात धुकं होतं की नाही?”

“छे! स्वच्छ होतं. भिंतीवरचे ओरखडेसुद्धा दिसत होते.”

“कसले ओरखडे?”

बायकोने सुरी खाली ठेवली. संध्याकाळ झाली होती, स्वयंपाकघरातला दिवा लागला होता. तिने त्याच्याकडे बोट केलं. “याच्याभोवती आहे का कडं?”

“आहे की. दिव्याला असतंच ते.”

“नसतं हो,” ती म्हणाली.

ज्या डोळ्यांच्या जोरावर महाशयांनी जन्मभर भल्याभल्यांच्या चुका काढल्या, त्यांनीच दगा दिला होता. ते घाबरले, चांगलेच घाबरले.

“उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जाऊ,” बायको म्हणाली. “लेख राहू दे या खेपेला.”

“राहू दे कसा?” महाशयांनी कोरा कागद पुढे ओढला. “ते ओरखडे सांग आधी.”

“राजकन्येच्या उंचीच्या खुणा होत्या त्या. एकीवर एक. तान्ही असताना कोंडली, तिथेच वाढली ना बिचारी!”

“तिथेच वाढली?” महाशय बघतच राहिले. “मला वाटलं, कालपरवा कोंडलीय. मग शेवटी राणी भिंत चाचपते ती...? मी लिहिलंय, ती अंधारात दार शोधते.”

“दार कशाला शोधेल? दार उघडंच होतं. ती सगळ्यात वरच्या खुणेला हात लावते. लेक केवढी झाली, ते बघते.”

महाशयांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

“हं,” ते म्हणाले, “पुढे सांग.”